तोंड दाखवावं लागत नाही

"तू आत येऊ नकोस. पाहुणे आहेत."

सर अगदी हळू आवाजात म्हणाले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर मी बनवलेलं वेबसाइटचं पान उघडं होतं, आणि मी बाहेर, काढलेल्या चपलांशेजारी स्टुलावर. पाण्याच्या बाटल्या आल्या तेव्हा त्या आत नेऊन द्यायला मात्र मलाच हाक मारली. बाटल्या ठेवता ठेवता मी माझं पान एकदा बघून घेतलं आणि परत स्टुलावर येऊन बसलो.

दुष्काळाचे दिवस होते. जायकवाडी धरणाचं पाणी तळाला गेलेलं, आणि शहर मात्र चहूबाजूंनी वाढतच चाललेलं. बायपासच्या पलीकडं नव्या नव्या इमारती, खाली भली मोठी टाकी आणि नळाचा पत्ता नाही. सगळा कारभार टँकरवर. आम्ही मुकुंदवाडीत, रेल्वे स्टेशनच्या मागं पत्र्याच्या घरात. आमच्याकडंही टँकरच, फक्त तो कधी येईल हे कुणालाच ठाऊक नसायचं. माझी माय लोकांकडं धुणीभांडी करायची. टँकरची वाट बघत थांबली की कामाला खाडा व्हायचा आणि मालकिणीची बोलणी खावी लागायची.

सरांचा उस्मानपुऱ्यात वेबसाइट बनवायला शिकवायचा क्लास होता. बाहेरची कामंही ते घ्यायचे. सकाळी फ्रंटएंडची बॅच, म्हणजे वेबसाइटचं जे डोळ्यांना दिसतं ते: अक्षरं, रंग, बटणं. संध्याकाळी बॅकएंडची, म्हणजे बटण दाबल्यावर माहिती कुठून येते, कुठं साठते, ते सगळं न दिसणारं काम. उरलेला अर्धा दिवस मी औषधाच्या दुकानात कामाला होतो, त्यामुळं एकच बॅच जमणार होती. आधी काय शिकावं यावर मी बरेच दिवस घोळ घातला. ज्याला विचारावं तो वेगळंच सांगायचा. शेवटी मी स्वतःलाच विचारलं, की मला काय करावंसं वाटतं? मायला दिसेल असं काहीतरी. मी फ्रंटएंड घेतलं.

मग एका टँकरवाल्या ठेकेदाराचं काम आलं. लोकांनी मोबाइलवर टँकर मागवायचा, आणि तो कधी येणार ते तिथंच कळायचं. दिसणारं पान सरांनी मला करायला दिलं. मी ते मराठीत केलं. टँकरची वेळ सगळ्यात वर, आणि अक्षरं चांगली मोठी. माय चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर लावून लावून वाचते. मी तिला मोबाइलवर ते पान दाखवलं. तिनं ते पूर्ण वाचलं आणि म्हणाली, "मला वाचता आलं की." त्या दिवशी मला माझ्या निवडीचा केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू.

मी स्टुलावर बसलो होतो तेव्हा तेच पान आत ठेकेदाराला आणि त्याच्या माणसांना दाखवत होते. दाखवत होता सरांचा भाचा, पुण्यात शिकून आलेला. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं. ठेकेदारानं विचारलं, अक्षरं एवढी मोठी कशाला? भाच्याला माहीत नव्हतं. तो हसला आणि म्हणाला, लगेच छोटी करतो. आणि केली. तिथल्या तिथं.

अक्षरं मोठी कशाला, ते मला माहीत होतं. मी उठलो नाही.

पाहुणे गेल्यावर सर बाहेर आले. सर चांगल्या घरातले. आजोबा निजामाच्या कचेरीत कारकून, वडील बँकेत, घरात पूजाअर्चा. त्यांनी कधी कुणावर आवाज चढवलेला मी ऐकला नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं आडनाव विचारलं होतं, मग गाव विचारलं, मग 'अच्छा' म्हणाले आणि पुढं काही विचारलं नाही. आता समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुझा हात चांगला आहे. पण तुझं बोलणं हे असं, राहणी अशी. समोरचा बिचकतो. तू बॅकएंड शीक. तिथं तोंड दाखवावं लागत नाही."

मी म्हणालो, "थँक्यू सर."

शिवी दिली असती तर मी भांडलो असतो. आमच्या वस्तीत शिव्यांना उत्तर द्यायला लहानपणीच शिकवतात. सल्ल्याला उत्तर द्यायला कुणी शिकवलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, आता कुणापुढं जायला नको म्हणून मला सुटल्यासारखंही वाटलं. या गोष्टीची मला आजही सगळ्यात जास्त लाज वाटते.

मी बॅकएंड शिकलो. मन लावून शिकलो. चिकलठाण्यात एका कंपनीत लागलो. मीटिंगमध्ये भिंतीकडची खुर्ची धरायची, विचारलं तर मान हलवायची. 'नाय'चं 'नाही' केलं, 'लई'चं 'खूप' केलं. घर पत्र्याचं होतं, ते स्लॅबचं झालं. आणि हळूहळू मी फुशारक्या मारायला लागलो, की बॅकएंड हेच खरं डोक्याचं काम, फ्रंटएंड म्हणजे नुसती रंगरंगोटी. मुळात मला त्या खोलीतून बाहेर बसवलं होतं, हे मी घरात कुणाला सांगितलं नाही. स्वतःलाही सांगणं बंद केलं.

काही वर्षांनी पुन्हा तसाच कोरडा उन्हाळा आला. माझी धाकटी बहीण वैशाली बीएस्सी करत होती. माझ्या जुन्या लॅपटॉपवर तिनं आमच्या गल्लीसाठी एक पान केलं होतं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'टँकर आला का?' खाली दोन बटणं: 'आला' आणि 'नाय आला'. ज्या बाईला टँकर दिसेल तिनं बटण दाबायचं, बाकीच्यांना घरबसल्या कळणार. रंग भडक होते. अक्षरं तर माझ्या त्या पानावरच्यापेक्षा मोठी. बटण दाबलेलं साठवायचं कसं हे तिला येत नव्हतं. तिनं ते माझ्यापुढं धरलं आणि विचारलं, "दादा, मला क्लास लावायचाय. आधी काय शिकू?"

मी पानाकडं नीट बघितलंही नाही. पाण्याच्या ड्रमवर झाकण ठेवत म्हणालो, "बॅकएंड घे. तिथं तोंड दाखवावं लागत नाही."

शब्दही तेच. सूरही तोच, समजुतीचा.

वैशाली म्हणाली, "का? माझ्या तोंडाला काय झालंय?"

तिनं लॅपटॉप मिटला आणि आत निघून गेली. माय तिथंच हंडा विसळत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "तुला कुणी म्हणलं व्हतं असं?"

मग मी सांगितलं. स्टूल, बाटल्या, भाचा, छोटी केलेली अक्षरं, सगळं. मला वाटलं, माय जवळ घेईल, त्या सरांना चार शिव्या घालेल. तिनं हंडा पालथा घातला.

"तुला लागलं व्हतं ना? मंग तिला कशापायी दिलंस?"

यापेक्षा मायनं मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं. सरांनी निदान परक्याच्या पोराला सांगितलं होतं. मी माझ्या बहिणीला सांगितलं, तेही माझ्या घरात, मायच्या देखत. एवढ्या वर्षांत मी काय काय शिकलो होतो, त्यात हेही शिकून ठेवलं होतं. वैशालीची मी दोनदा माफी मागितली. ती 'असू दे' म्हणाली. तिनं दुसऱ्याच एका क्लासला फ्रंटएंड घेतलं, मला न विचारता. नवीन काही केलं की ती मायला दाखवते. मला दाखवत नाही.

मागच्या वर्षी सरांचा फोन आला. क्लास आता दोन मजली झालाय, काचेचं दार, आत गारवा. नव्या बॅचला माझा अनुभव सांगायला बोलावलं होतं. सरांनी पोरांपुढं माझी पाठ थोपटली. म्हणाले, बघा, कुठून कुठं आला. मग शेवटच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. देवगाव रंगारीहून रोज एसटीनं येणारी. भीत भीत म्हणाली, "आमचं बोलणं गावाकडचं हाय. आम्ही आधी काय शिकावं?"

प्रश्न मला होता. मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "तुला बॅकएंडच बरं पडेल. तिथं काय, तोंड दाखवावं..."

"सर, थांबा," मी म्हणालो. "हे तुम्ही मला बोलला होता. मला बाहेर स्टुलावर बसवून. मी ते जसंच्या तसं माझ्या बहिणीला दिलं. आता हिला देऊ नका."

सर लाल झाले, पण आवाज तसाच मऊ. "अरे, मी तुझ्या भल्यासाठीच बोललो होतो."

"व्हय सर. मी बी तिच्या भल्यासाठीच बोललो. तिनं मला इचारायचं सोडलं."

माझं 'नाही', माझं 'खूप', सगळं गळून पडलं होतं. मी उचलायला गेलो नाही. त्या मुलीला मी सांगितलं, की दोन्ही कामं चांगली आहेत आणि दोन्हीला डोकं लागतं. तुला जे करावंसं वाटतं ते आधी घे. कुणाच्या नजरेला भिऊन घेऊ नकोस, मी तसं घेतलं होतं. ती खाली बसली. पटलं की नाही, मला माहीत नाही. चहा आला होता, तो मी घेतला नाही.

यानं काही फिटलं नाही. वैशाली अजून मला विचारत नाही, आणि तिनं विचारावं असं म्हणायचा मला हक्कही नाही. ती आता तिची पानं घेऊन लोकांपुढं उभी राहते, कधी कामानिमित्त मीही त्या खोलीत असतो. तिनं अक्षरं मोठी ठेवलेली असतात. ती छोटी करायला कुणाचाही हात पुढं आला, तर मी उठणार आहे.