उन्हाची बाजू

एस.टी.त कुणी 'काय करता?' विचारलं, की हल्ली मी 'नोकरी' एवढंच सांगतो.

नांदेडहून लातूरला निघालो होतो. शेजारी खिडकीशी एक मावशी. दवाखान्यातून गालातल्या गाठीवरच्या गोळ्या घेऊन परत चालल्या होत्या. सुजलेला गाल पदराआडून सारखा चाचपायच्या. मी औषधांवर संशोधन करतो म्हटल्यावर म्हणाल्या, "म्हंजे काय करून राहिले, सर?"

मला सांगायची भारी हौस. औषध पेशीत शिरतं, पण आत एका पिशवीत अडकतं. प्रकाश पाडला की पिशवी फुटते आणि औषध कामाला लागतं. हातवारे करून, अगदी रंगवून सांगितलं.

लोहा गावच्या थांब्यावर त्यांनी गोळी गिळली, पदर सारला आणि गाल उन्हाला धरला. मला सगळं कळलं. तरी मी मोबाईलमध्ये डोकं घातलं.

पुढं रस्ता वळला, ऊन पलीकडच्या खिडकीत गेलं. मावशी उठल्या. तिथल्या म्हाताऱ्याला म्हणाल्या, "बाबा, जरा बसू द्या. औषधाला ऊन पाहिजे. ह्या सरांनी सांगितलंय."

म्हातारा लगेच उठला. आजूबाजूचे माझ्याकडं आदरानं बघू लागले. तेव्हा कुठं माझं तोंड उघडलं.

"मावशी, तुमच्या गोळीचं तसं नाही. आमचं काम अजून काचेच्या बशीतल्या पेशींवरच चाललंय."

त्या गालावर पदर ओढून उठल्या आणि म्हाताऱ्याला म्हणाल्या, "बसा बाबा. माझं काय काम न्हाई आता उन्हात."