ओल्या पायांचा वाटा

वाचकहो, समुद्र कोणाच्या मालकीचा? उत्तराची घाई करू नका. आमचे नाखवाही कोणत्याही प्रश्नावर आधी हात वर करीत आणि म्हणत, “थांब रं, दर्या दम घेतंय.”

होडी त्यांच्याकडे कधीच नव्हती. गाव थट्टेने त्यांना नाखवा, म्हणजे होडीचा मालक म्हणे, आणि ते खुशाल ओ देत. रेवदंड्याच्या अलीकडच्या आमच्या पुळणीवर कमरेइतक्या पाण्यात उभे राहून ते पाग, म्हणजे गोल फेकजाळे टाकीत. जिथे लाट फुटत नाही तिथे खाली खळगा असतो. भरतीबरोबर बोई मासळी त्याच वाटेने आत येते. मोठ्या लाटा ओळीने येऊन गेल्या की पाणी जरा निवते. पाग टाकायचा तो तेव्हाच. एखादी लाट अवेळी फुटली तर नाखवा तिच्या माहेराचा उद्धार करीत.

मी त्यांना खोतांच्या जुलमाविरुद्धचे पत्रक दिले. त्यांनी ते चाचपले. “कागद दनकट हाय. आनखी हायत?” दुसऱ्या दिवशी त्यात बांधून सुकट शेजारणीकडे गेली. निदान ती तरी वाचेल, म्हटले.

किनाऱ्याचा रिवाज असा, की पाग ओढताना पाण्यात उतरून हात लावील त्याला वाटा. कोरड्या पायांना काही नाही. एके सकाळी खोताचा कारभारी जोडे घालून वाळूवर उभा राहिला.

“पुळण खोतांची. अर्धे मासे इकडे, नाहीतर उद्यापासून पाग बंद!”

नाखवांची चूल त्या खळग्यावर पेटत होती. मी संतापून भाषणाला तोंड उघडले. त्यांचा हात वर झाला.

“थांब रं. पुळन खोताची, तर भरती बी खोतच आनत आसंल. अर्धा घ्या, कारभारी. पर आधी पाय ओले करा.”

“त्यात काय मोठंसं!” जोडे काढून, धोतर खोचून कारभारी पाण्यात शिरला.

“आनखी पुढं या. व्हय, तिथंच.”

तिथेच खळगा होता. कारभारी छातीपर्यंत गेला, वरून लाट गेली आणि पागोटे सुटून पाण्यावर लांबलचक पसरले. आम्ही दोघांनी त्याला ओढून वाळूवर बसवले. मग नाखवांनी लाटा जाऊ दिल्या, पाणी निवू दिले आणि पाग फेकला. आत दोन बोया आणि पागोटे.

खारे पाणी थुंकणाऱ्या कारभाऱ्याच्या मांडीवर त्यांनी पागोटे ठेवले.

“मोठं तुमचं, बारीक माजं.”

सारी पुळण हसली. नाखवा होते तोवर कारभारी तिकडे फिरकला नाही.

आता नाखवा नाहीत. त्यांचा पाग कुंपणावर तसाच वाळतो आहे. कारभारी पुन्हा जोडे घालून उभा राहतो, आणि लोक मुकाट्याने अर्धे मासे देतात.

वाचकहो, या कागदात सुकट बांधलीत तरी माझी तक्रार नाही. पण एकदा पुळणीवर या. जोडे काढा, पाग टाकणाऱ्याशेजारी पाण्यात उभे राहा, आणि वाळूवरच्या त्या गृहस्थाला साऱ्यांना ऐकू जाईल असे विचारा, “कारभारी, पाय ओले हायत का?”