बायनाबाईचे बारा चिंचगोळे

राणीसावरगावात कुणाला दिवस गेले, हे नवऱ्याच्या आधी बायनाबाईला कळायचं. निजाम सरकारचा हुकूम गावात पोचायला पंधरवडा लागे. बायनाबाईची खबर दुपारच्या आत वेशीवर. कारण तिचे चिंचगोळे. नवी चिंच फोडून, चिंचोके काढून ती गुळाबरोबर उखळात कुटायची, मीठ, तिखट, भाजलेलं जिरं घालायची आणि तेलाच्या हाताने गोळे वळायची. डोहाळे लागलेली बाई दुसऱ्या कुणाच्या हातचा गोळा तोंडात धरत नाही, असं खुद्द बायनाबाईचंच म्हणणं होतं.

तिची सून कोकिळा मात्र लग्नाच्या पाच वर्षांत एकदाही चिंचगोळ्यांच्या बरणीकडे वळली नव्हती. म्हणून बायनाबाईने आपल्या लेकासाठी, भुजंगासाठी, गंगाखेडची दुसरी बायको बघितली. शुक्रवारी सुपारी फुटायची होती. कोकिळा मुकाट्याने कामं उरकत होती. सासरे दिनकरराव यांना घरात कुणी काही विचारत नसे, आणि तेही कुणाला काही सांगत नसत.

बुधवारी बरणीत सात गोळे कमी निघाले, गुरुवारी सकाळी आणखी पाच. बायनाबाई हरखलीच. सुनेला विचारायचं कशाला? गरवार पोर लाजून चोरूनच खाणार! तिने शेजारच्या तानुबाईला सांगितलं, म्हणजे गावाला सांगितलं. लगेच गंगाखेडला माणूस धाडला : "आमच्या घरी पाळणा हलणार हाय. तुमची पोर दुसरीकडं द्या."

संध्याकाळी तिने हौसेने ताटं वाढली. दिनकररावांनी घास घेतला, गाल धरला आणि भाकरी दुधात कुस्करली.

"दाताला काय झालं?"

"आंबलेत."

बायनाबाईने हातातली भाकरी ताटात आपटली. "तुमी खाल्ले? बाराच्या बारा? आन् मी साऱ्या गावात सांगून बसले!"

"म्हणूनच खाल्ले. मला आंबट सोसत न्हाई, पर तोंडानं सांगून तू माझं कवा ऐकलंस?" दिनकरराव आयुष्यात पहिल्यांदा एवढं बोलले. "पोरीला नऊ म्हैने तरी मिळाले."

चुलीपाशी कोकिळा पाठमोरी रडत होती. बायनाबाईला नवऱ्याचा लय संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. पण उद्या तानुबाईला काय सांगायचं? आपण चुकलो म्हणण्यापेक्षा सून सांभाळणं सोपं होतं.

"ए कोकिळे," ती खेकसली, "उद्यापसून जड उचलायचं न्हाई. लोक बघायलेत."