मशीनच्या पायाखालची पाकिटं

अजीजचाचांचं नाव आधी लिहितो. पुढचं लिहिताना हात मागे आला, तर निदान एवढं तरी कागदावर राहील. बुलढाण्यात मला कुणी उभं केलं असेल, तर गादी-रजईवाल्या अजीजचाचांनी.

मी आटपाडीकडचा. आठवीत शाळा सुटली — सुटली कसली, सोडली — आणि आमच्याकडची पोरं जातात तसा सोनंचांदी गाळून शुद्ध करायच्या कामाला, गलाईला, खामगावात आलो, एका नात्यातल्या मामाच्या हाताखाली. तेजाबाच्या धुरानं छाती घरघरायला लागली, तशी मामानं पिशवी हातात दिली. गावी कुठल्या तोंडानं जाणार? स्टँडवर पहिली एसटी बुलढाण्याची लागली होती, तिच्यात बसलो. उतरलो आणि चाचांच्या दुकानाच्या पायरीवर टेकलो. कोण, कुठला, कोणाचा — काही विचारलं नाही त्यांनी. हाताला चिकटलेला कापूस झटकला आणि म्हणाले, "जेवला का बे?"

तेव्हापासून मी तिथंच आहे. चाचांच्या बायकोच्या, खालाच्या हातचं खाल्लं, नव्या गाद्यांच्या थप्पीवर झोपलो. पुढे चाचांनी दुकानाची पुढची बाजू मला कॉफी विकायला मोकळी करून दिली. परवाना त्यांच्याच नावावर काढला, कारण माझ्याकडे इथला पत्ता दाखवायला कागद नव्हता. माझ्या कॉफीच्या धंद्याचा मालक, कागदावर, अजीजचाचा. हे लक्षात ठेवा.

पुढची गोष्ट बाजारात सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे मी सांगितली तेवढी. एका बड्या कंपनीनं एका म्हाताऱ्याला कसं चिरडलं. दिल्लीच्या कोर्टाचा माणूस पोलीस घेऊन कसा आला, पाटी कशी उतरवली, कप कसे पोत्यात भरले, आणि शेवटी चाचांना हात जोडून माफी कशी लिहून द्यावी लागली. मी हे सांगतो तेव्हा खरंच चिडतो. काउंटरवर हात आपटतो. ऐकणारे शिव्या घालतात. "एवढ्या मोठ्या कंपनीले चाचाची टपरीच दिसली काय बे?" मीही घालतो, त्यांच्यापेक्षा मोठ्यानं.

खोटं आहे का त्यात काही? एक शब्द नाही. हीच तर बदमाशी आहे.

ऐका. पाटीवरचं नाव मी ठेवलं. कुठलं, ते लिहीत नाही. मोठ्या शहरांत काचेच्या दुकानांवर असतं ते, तुम्हाला माहीत आहे. कंपनीचं चित्रही पाटीवर, कपांवर, मशीनवर तसंच्या तसं काढून घेतलं. चाचांना ते आवडलं नव्हतं. ते म्हणाले होते, "तुह्या बापाचं नाव ठेव, तुह्या गावाचं ठेव, नाहीतर माह्यं ठेव. लोकाचं नाव काऊन लावतं?" मी हसलो. परवान्याचा कागद त्यांच्यासमोर धरला — बघा चाचा, नाव सरकारनंच छापून दिलंय, आता कोण काय बोलणार? मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं. एका कचेरीनं कागदावर छापलं म्हणून नाव आपलं होत नाही, हे मला माहीत नव्हतं. पण या न माहीत असण्याच्या आडून मी स्वतःला सोडवून घेत नाही. पुढे मला माहीत झालं, आणि तरीही —

पाटी लागली आणि पोरं यायला लागली. बुलढाण्याची थंडी, कॉलेज जवळ, वर हे नाव. पाटीखाली उभं राहून फोटो काढायची. एक जण म्हणायचा, "मुंबईले आलो म्हणून स्टेटस ठेवलं न बे, आता कोणी विचारलं तर सांगजो मी समुद्राकडे गेलो." सगळे खिदळायचे. मी पाटीचा फोटो गावी पाठवला. मामालाही पाठवला, मुद्दाम. बघ, ज्याला पिशवी दिलीस तो!

मग पाकीट आलं. चाचांच्या नावावर. पोस्टमनसमोर सही त्यांनीच केली आणि न उघडता पाकीट माझ्या हातात दिलं. घरातला प्रत्येक कागद ते मलाच देत. वीजबिल असो, लग्नपत्रिका असो, दवाखान्याची चिठ्ठी असो. माझी आठवी म्हणजे त्यांच्या लेखी वकिली. "काय लिहेल हाय बे त्याच्यात?"

मी फोन धरला, फोननं इंग्रजीचं मराठी करून दाखवलं. मोडकंतोडकं, पण कळण्याइतकं. नाव आमचं आहे, पाटी काढा, कप वापरू नका, लेखी कळवा, म्हणजे आम्ही कोर्टात जाणार नाही. एवढंच मागत होते. एक पाटी! शिडी लावली असती तर चहा गार व्हायच्या आत काम झालं असतं.

मी म्हणालो, "जाहिरात आहे चाचा."

तो माणूस मान हलवून कापूस पिंजायला गेला. मी पाकिटाची घडी केली आणि कॉफीच्या मशीनच्या पायाखाली घातली. ते मशीन काउंटरवर नाचायचं. त्या दिवसापासून नाचायचं थांबलं. दुसरं पाकीट आलं तेव्हाही चाचांनी तोच प्रश्न विचारला. मीही तेच उत्तर दिलं. ते दुसऱ्या पायाखाली गेलं.

का केलं? भीती होती — पाटी गेली की पोरं जातील, पोरं गेली की मी पुन्हा पायरीवर बसलेला परगावचा. पण भीती कुणाला नसते? भ्यायलेली माणसंही खरं बोलतात. मी त्या पाटीखाली उभं राहायला चटावलो होतो, बस्स.

ते आले तेव्हा दुकानात गर्दी होती. कोर्टानं पाठवलेला माणूस, कंपनीचा वकील, दोन पोलीस. मालक कोण, म्हणून विचारलं. मी काउंटरच्या आत होतो, अंगावर त्याच नावाचा शर्ट. आणि मी — हे लिहिताना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते — मी चाचांकडे बघितलं. चाचा पुढे झाले, डोक्याला कापूस तसाच. वकील म्हणाला, दोन नोटिसा पाठवल्या, उत्तर नाही, म्हणून कोर्टात जावं लागलं. चाचा म्हणाले, "कागद तं आलाच नाही साहेब."

तेवढ्यात मशीनवरचं कंपनीचं चित्र नीट दिसावं म्हणून पोलिसानं मशीन उचलून वळवलं.

दोन्ही पाकिटं तिथंच. चपटी, कॉफीच्या डागांची. चाचांना इंग्रजी येत नाही; पण आपल्याच हातानं सही करून घेतलेलं पाकीट माणूस ओळखत नाही का? त्यांनी पाकिटांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. शिवी देतील, कानाखाली ओढतील, पोलिसाला म्हणतील हा बघा चोर — मी वाट बघत होतो. त्यांनी पाकिटं उचलून सदऱ्याच्या खिशात घातली.

"आला होता साहेब. मीच ठेवला. समजलं नाही मले."

आणि मी गप्प राहिलो. तिथं गप्प, आम्ही केलेल्या वकिलाच्या ऑफिसात गप्प, बुलढाण्यात नोटरीसमोर ते प्रतिज्ञापत्रावर सही करत होते तेव्हाही बाकावर शेजारी बसून गप्प. 'मी अज्ञानापोटी हे नाव ठेवले.' ज्या माणसानं एकट्यानं त्या नावाला नको म्हटलं होतं, त्याची ही सही. जन्मात पोलीस स्टेशनची पायरी न चढलेला माणूस. मशिदीतून येताना लोक थांबवून विचारायचे, "चाचा, तुमी हे काय केलं?" ते हसून म्हणायचे, "बुढापा हाय भाऊ, अक्कल कमी झाली."

आमच्या वकिलाच्या फीपायी चाचांचं कापूस पिंजायचं यंत्र विकलं गेलं. मी कंपनीवर जास्तच ओरडायला लागलो ते तेव्हापासून. केवढा राग माझा! सगळा बाजार त्यावर शेकतो.

चाचा त्या दिवसाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. कधी कधी मला त्यांचाच राग येतो — एकदा तरी मारायचं होतं. बघा, अजूनही त्यांनीच काहीतरी करावं अशी माझी अपेक्षा आहे. किती हरामखोर असावं माणसानं?

आता दुकानावर पाटी नाही. मी चहा विकतो, चाचा मागे रजया शिवतात. पिंजायला कापूस न्यायचा असला की पोतं गाडीवर बांधून आम्ही चिखलीला जातो. गाडी मी चालवतो. ज्याच्याकडे जातो, त्याच्याकडे चाचांचंच यंत्र आहे. चाचा रांगेत उभे राहतात, नंबर आला की स्वतःच्या यंत्रावर पैसे देऊन कापूस पिंजून घेतात. निघताना त्याच्या पट्ट्यावर एकदा हात फिरवतात, बैलाच्या पाठीवर फिरवावा तसा.

बाजारात आता कुणी कंपनीला शिवी घातली, की हीच गोष्ट सांगेन, पाकिटांसकट. चाचा समोर असतील तरी.

आणि ते यंत्र मी परत आणणार आहे. माझ्या पैशानं, चाचांच्या दुकानात, जिथं होतं त्याच जागी. त्या दिवशी चिखलीला जाताना गाडीवर पोतं नसेल.