सुनंदाबाई आणि आमच्या आरूचं पाणी

सुनंदाबाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात शिकल्यासवरल्या माणसांचे लेख असणार. मला अक्षर येत नाही. मी बोलते आहे, सून लिहिते आहे. मधेमधे ती माझं बोलणं 'नीट' करते, तेवढं पोटात घालावं.

बाईंची पहिली ओळख उमरग्याला, विशेष मुलांच्या शाळेत झाली. माझी नात आरू तोंडानं बोलत नाही, हाक मारली तर वळत नाही. बाईंनी तिला एका अंधाऱ्या खोलीत नेलं आणि दार लोटलं. पोरीला कोंडलं म्हणून मी दार ढकलून आत घुसले. आत काचेच्या उंच नळीत रंगीत बुडबुडे चढत होते, खाली मऊ गाद्या होत्या, आणि घर डोक्यावर घेणारी आमची आरू त्या नळीला गाल लावून शांत बसली होती. बाई हळूच म्हणाल्या, "बसा आजी. फक्त बांगड्या वाजवू नका." लग्न झाल्यापासून मला गप्प बसवणाऱ्या त्या पहिल्याच.

त्या शाळेत कोमट पाण्याचा, कमरेइतका हौद आहे. आरूला पाण्याचं भारी भय. अंघोळीला दोघींनी धरावं लागे, अन् शेजारीण कुंपणावरून विचारी, "रोज सकाळी कुणाला मारायलाव गं?" बाईंनी घाई केली नाही. कितीतरी दिवस नुसते पाय भिजवले. मग रीत लावली: काठावर बसायचं, हात पुढं करायचा, बाईंनी हात धरला की मगच उतरायचं. एक दिवस आरू पाठीवर तरंगली आणि खळखळून हसली. नातीचं हसू मी पहिल्यांदा तिथं ऐकलं.

दुसऱ्या कुणाचा लेख इथं संपला असता. माझी भीती इथून सुरू झाली.

आमचं घर मुरूम गावाजवळ, शेतातच. मागं विहीर, तिला कठडा नव्हता. तोवर मला घोर नव्हता. पोरगी पाण्याच्या आवाजानंच पळायची. ती भीतीच तिची राखण होती. आता विहिरीवरची पाण्याची मोटार सुरू झाली की ती तिकडंच निघू लागली. मी शाळेत जाऊन बाईंना सुनावलं, "बाई, तुमी पोरीची भीती काढली, ती माझ्या पोटात येऊन बसली. डोळ्याला डोळा न्हाय माझ्या."

बाई वाद घालत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. म्हणाल्या, "खरं आहे आजी. पण हात मिळाल्याशिवाय ती उतरायची नाही."

सोयाबीनची रास चालू होती, सगळे मळणीयंत्रापाशी. आरू दिसेना. मी अनवाणी विहिरीकडं धावले. पोरगी काठावर बसलेली, पाय आत सोडलेले, आणि रिकाम्या हवेत हात पुढं केलेला. वाट बघत होती. हाक मारावी तर दचकेल. मी मागून सरकत गेले आणि तो हात घट्ट धरला. तशी ती खाली सरकू लागली! हात मिळाला म्हणजे उतरायचं. तिच्या बाजूनं ती बरोबरच होती. मी मागं बसकण मारली. ज्या वजनावरून सून मला टोमणे मारते, त्या वजनानं आम्ही दोघी वाचलो. हे तिनं लिहिलंच पाहिजे.

ऐकून बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. सारवासारव केली नाही. "हौदाची रीत मी शिकवली, आजी. विहीर माझ्या ध्यानातच आली नाही." शाळा सुटताच त्या जीपनं आमच्या शेतात आल्या. कठड्याचं नाव काढलं की माझा मुलगा "पुढच्या साली बघू" म्हणायचा. त्यानं चहा पुढं केला. "गवंडी आल्यावर पिऊ," म्हणत बाई विहिरीपाशीच बसून राहिल्या.

मुलगा कुजबुजला, "आये, ह्यास्नी उठव की."

"तूच उठव. म्या तर तुला बी कधी शाळंला उठवू शकले न्हाय."

दिवस कलता गवंडी आला, तेव्हा बाई तो गार चहा प्यायल्या.

आता कठडा आहे. हौदाची रीतही बदलली: डोक्यावर लाल टोपी असेल तरच पाणी, आणि टोपी शाळेच्या कपाटात कुलपात. पण शिवारात विहीर काय एकच आहे? टोपीची गोष्ट पोरीच्या मनात पक्की बसली का, हे ती सांगत नाही. अजून मोटारीचा आवाज आला की मी हातातलं काम टाकून आधी पोरीला शोधते.

बाई आता शाळेतून निवृत्त होत आहेत. मी विचारलं, "तुमच्यामागं हिला पाण्यात कोण धरणार?"

"तुम्ही."

"म्या? लुगडं फुगून वर आलं तर लोक म्हणतील, मांडव वाहून चालला!"

"म्हणू द्या."

तर मी उतरले. बाईंनी एका हातानं मला धरलं, दुसऱ्यानं आरूला. पाणी कोमट असूनही माझे दात वाजत होते. आरूनं माझ्याकडं निरखून बघितलं अन् माझा पदर मुठीत धरला. कोण कुणाला सांभाळत होतं, देव जाणे.

बाईंसाठी मी देवाकडं शंभरी मागते. त्यात माझा स्वार्थ आहे, झाकत नाही. त्यांची कंबर, डोळे, गुडघे धड राहोत. आणि त्या गुडघ्यांनी कुणाच्या विहिरीकडं धावायची पाळी त्यांच्यावर कधी न येवो.