डाव्या गालावर बाबा

माझी दाढी कोणत्या वेगानं वाढते हे सांगितलं की लोक मला थापाड्या म्हणतात. म्हणोत. सौंसरच्या बसस्टँडजवळच्या न्हाव्याला विचारा. तो चारचौघांत सांगतो की डावा गाल आटोपून उजव्याकडे वळलं की डावा पुन्हा उगवलेला असतो, आणि तो तर माझ्याइतकं खोटं बोलणारा माणूस नाही. डोक्यावरचे केस माझे तिशीतच गेले. गेले म्हणजे फार लांब नाही गेले, खाली गालावर बदली करून घेतली. लग्नात हळद लावायला आलेल्या बायका हाताला ओरखडे घेऊन परतल्या होत्या. कापसाच्या गाठोड्यावर गाल टेकून झोपलो तर उठेपर्यंत सरकी वेगळी आणि रुई वेगळी. जिनिंगवाल्यानं मला नोकरी कशी देऊ केली नाही, हेच नवल.

बाबांचीही दाढी अशीच होती. तीच दाढी, तेच टक्कल, तोच जबडा. फरक एवढाच की मला मिशी आणि त्यांना नाही. आमच्याकडे बाप जिवंत असताना मुलगा मिशी काढत नाही. बाप गेला की डोकं, दाढी, मिशी सगळं उतरवतो. आजोबा गेले तेव्हा बाबांनी मिशी काढली ती पुन्हा वाढवलीच नाही. बाबा गेले तेव्हा मीही काढली, पण नंतर पुन्हा राखली. तशी काही हौस नव्हती. आरशात नुसता मी दिसावा, एवढंच.

तरी आरशात बाप दिसायचाच. आणि मला एकट्याला दिसला असता तर मी त्याची गोष्ट करून दुकानात सांगितली असती. पण तो आईलाही दिसायला लागला.

आईची आठवण हळूहळू सैल होत गेली होती. सकाळी ती ठीक असायची. मला बाबू म्हणून हाक मारायची, बायकोशी भाजीवरून भांडायची. उन्हं उतरली की तिचं मन कुठल्या तरी जुन्या दिवसात जाऊन बसायचं. मी सौंसरला शेतीच्या औषधांच्या दुकानात काम करतो, आणि मोटारसायकलनं पांढुर्ण्याला घरी येईपर्यंत माझे गाल काळे झालेले असतात. मी दारात उभा राहिलो की आई खाटेवरून डोक्यावर पदर ओढायची आणि म्हणायची, "आले का जी? हातपाय धुवा, चाय मांडतो मी."

पहिल्या-पहिल्यांदा मी सांगायचो, आई, मी आहे गं, बाबा नाहीत आता. ती दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी रडायची. मग मी सांगणं बंद केलं. पण एका संध्याकाळी ती खरंच चहा मांडायला उठली, चौकटीला अडखळली आणि तिचं मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, आता कंबर मोडली तर उठवणं कठीण. म्हणून मला अशी दाढी हवी होती जी आई झोपेपर्यंत टिकेल. बाकी जगातले पुरुष गुळगुळीत गाल कशासाठी मागतात ते त्यांचं त्यांना माहीत. मला आईची हाडं वाचवायची होती.

संध्याकाळी दुकानातून निघताना मी न्हाव्याकडे दिवसातली दुसरी दाढी करून पाहिली. आठवडाभरात गाल सोललेल्या संत्र्यासारखा झाला. न्हावी म्हणाला, "भाऊ, तुमच्या गालाले आता चामडं शिल्लक नाही. उद्यापासून मी डायरेक्ट दाताचीच दाढी करून राहिलो."

मग मी रेझर बदलायचं ठरवलं. माझ्याकडे होता तो बाबांचा, जुना, पितळेचा, मवाळ स्वभावाचा. त्यात पत्ती दोन पट्ट्यांमध्ये अशी दबून बसते की बाहेर जेमतेम कडा दिसावी. सरकारी कचेरीच्या खिडकीतून कारकून जेवढं तोंड दाखवतो, तेवढीच. त्यानं कापत नाही, खाजत नाही, रक्त येत नाही. पण एका फिरवण्यात केस वरून-वरून छाटले जातात, डवऱ्यानं तण खरवडावं तसे. मुळं शाबूत. संध्याकाळपर्यंत पीक उभं.

दुसरा मी मागवला. पार्सल आलं. त्यात पत्ती चांगली बाहेर डोकावणारी, खाली फट मोठी, वजन असं की हातातून सुटला तर फरशी फुटावी. हा नांगर. दाबायचा नाही, नुसता वजनावर सोडायचा, आणि तरी गालावरून जाताना करकर आवाज येतो. मी तो पहिल्यांदा चालवला तेव्हा शेजारच्या घरातलं कुत्रं उठून बसलं.

बायको म्हणाली, "अवो, थे गाल होये का बाग? काल डवरा, आज नांगर. उद्या फवारनी करसान."

"तुले काय समजते यातलं?"

"मले येवढं समजते का रक्त तुमी सांडवता अन् टॉवेल मी धुतो."

तुलना नीट व्हावी म्हणून मी डावा गाल बाबांच्या रेझरनं केला आणि उजवा नव्यानं. त्या संध्याकाळी जे झालं त्याला मी कधीही तिखटमीठ लावत नाही. ते तसंच पुरेसं आहे. मी घरात आलो. आईची खाट दाराच्या उजवीकडे. ती माझा उजवा गाल बघत होती. म्हणाली, "आला का रे बाबू? आज जल्दी आला." मी मोरीकडे जाऊन हातपाय धुतले आणि परत फिरलो. आता तिच्याकडे डावा गाल. तिचा हात पदराकडे गेला. "आले का जी? पोट्टंही आत्ताच आलं पाहा."

मी खोलीच्या मधोमध उभा राहिलो. ती माझ्या पलीकडे पाहत होती, मला शोधत.

तेव्हापासून बाबांचा रेझर मी कपाटात ठेवला आणि नांगर चालू केला. खरं सांगतो, मवाळ रेझरनंही दाढी टिकते, पण त्याला तीनदा फिरवावं लागतं: केसांच्या ओढीनं, मग आडवा, मग उलटा, दर वेळी नवा फेस. मला सकाळी दुकान उघडायला सौंसरला पोचायचं असतं. नव्यानं दोनदा फिरवलं की झालं. संध्याकाळी आई मला बाबू म्हणायला लागली. चहा मांडायला उठेना. हनुवटीखाली कातडीत वळलेल्या केसांच्या पुटकुळ्या पिकायच्या, तुरटी लावली की डोळ्यांसमोर काजवे चमकायचे, पण आई खाटेवर सुखरूप बसलेली असायची. मी दुकानात गिऱ्हाइकांना सांगत सुटलो की या रेझरनं संत्र्याची झाडंसुद्धा छाटता येतात.

मग ती सकाळ. मी मिशीची खालची कड सरळ करत होतो. आरशात पाहिलं तर माझ्या डाव्या हाताच्या अंगठ्यानं नाकाचं टोक वर उचललेलं होतं. मी कधीच तसं करत नाही. तसं बाबा करायचे. त्यांना मिशी नव्हती, वरचा ओठ रोज करावा लागायचा. तो हात माझ्या खांद्यालाच जोडलेला होता, पण उचलायला मी सांगितलं नव्हतं. माझा दुसरा हात दचकला. बाबांच्या रेझरनं एवढ्याशा दचक्याला माफ केलं असतं. यानं नाही केलं. मिशीचा डावा कोपरा बेसिनमध्ये.

मग मी उजवा कोपरा बरोबरीला आणायला गेलो. तो जास्त गेला. मग डावा. राजेहो, सरहद्दीचे वाद असेच वाढतात. शेवटी नाकाखाली एक माशी बसल्यासारखं काही उरलं, तेही काढलं.

बायको दारात येऊन उभी राहिली. तोंडावर हात. "हे काय करून बसले? आता आईसमोर कसे जासान?"

गमछा तोंडाला गुंडाळून गेलो. सकाळची वेळ, आईची नजर धड. तिनं गमछा खाली ओढला. माझ्या टकलाकडे पाहिलं, ओठाकडे पाहिलं.

"कोन गेलं, बाबू?"

"कोनी नाही गेलं, आई. रेझर घसरला."

"रेझर घसरला म्हने! रेझर काय दोनी बाजूनं घसरते का?" तिनं माझ्या ओठावरून बोट फिरवलं. "सांग. लोधीखेड्याचा माया भाऊ गेला?"

"मामा मस्त हाये. काल फोन आला होता."

"सावरगावची बहीन?"

"मावशी बी बरी हाये."

आणखी दोघा-तिघांची चौकशी झाली. सगळे जिवंत निघाले. ज्याचं नाव घ्यायचं होतं ते तिनं घेतलं नाही, मीही नाही. ती म्हणाली, "सांगशीन नाही तोवर मी घास घेनार नाही. घरात सुतक हाये अन् मी जेवू?" आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

दुपारी दुकानात बायकोचा फोन आला. "सकाळपासून पानी बी नाही घेतलं. गोळ्या कशा देऊ? तुमी या बरं."

मी निघालो. वारा तोंडावर घेत, कापसाच्या शेतांच्या कडेनं. त्या सकाळच्या गडबडीत मी दाढी अर्धवटच केली होती. घरी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. दारातून बायकोनं मला पाहिलं आणि चटकन डोक्यावर पदर घेतला. सासऱ्यांसमोर घ्यायची तसा. मग तिच्या लक्षात आलं, तिनं पदर खाली टाकला आणि चिडून म्हणाली, "पाहून काय राहिले? जा आत."

आई वळली.

"आले का जी?"

इतके महिने मी या प्रश्नाला एकदाही हो म्हटलं नव्हतं. मला भीती वाटायची की एकदा ओ दिली तर परत येता येणार नाही. मी तिच्या खाटेच्या पायथ्याशी बसलो. "हाव," म्हटलं. आवाज खाली, घशातून आला. मी काढला नव्हता तसा.

"पाहा ना जी. पोट्ट्यानं मिशी काढली. तुमी जिते असतानी! कोन गेलं तर सांगत नाही. कसं वळन लावलं तुमी त्याले?"

"मी बोलतो त्याच्याशी. कोनी गेलं नाही."

"खरं?"

"खरं. तू जेव."

"तुमच्या आंधी जेवू का मी?"

बायकोनं ताट आणलं. भाकरी, वांग्याची भाजी. मी पहिला घास घेतला, आई माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मग तिनं घेतला. हळूहळू अर्धी भाकरी खाल्ली. गोळ्याही घेतल्या.

"बोला त्याच्याशी," ती म्हणाली. "पन हात नका उचलू. सकाळी रडून राहिला होता तो, गमछ्याच्या आत. मले दिसलं."

मी रडत होतो हे मला माहीत नव्हतं.

तिनं उरलेली भाकरी दुसऱ्या ताटात ठेवली, वर भाजी वाढली, झाकण घातलं आणि ताट सुनेच्या हातात दिलं. "हे त्याच्यासाठी ठेव. थो सौंसरहून उशिरा येते. भुकेजला असन."

बायको ताट हातात घेऊन माझ्याकडे पाहत उभी राहिली, आणि ते कुठे ठेवावं हे तिला कळेना.