फ्रीजमधला समुद्र

मी समुद्रातल्या जंतूंवर पीएचडी करते आणि राहते पुसेगावात. इथे दूरदूरवर समुद्र नाही. अंगणात वाळत घातलेली हळद तेवढी आहे.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा चिखल आणून त्यातले जंतू मी बाटलीत वाढवत होते. हे जंतू पाण्यात नाना रसायनं सोडतात. त्यातलं एक जरी नवं निघालं तर माझी पीएचडी. इतक्या वर्षांत एकही निघालं नव्हतं आणि सरांनी शेवटची मुदत दिली होती. दिवाळीत कॉलेजची वीज बंद राहणार, म्हणून बाटली घरच्या फ्रीजमध्ये ठेवली आणि आईला बजावलं, "हात लावू नको, जंतू हायेत त्यात." (इथेच माझं वाटोळं झालं.)

सुटीनंतर बाटली पिवळीधमक! तिचा अर्क रोगजंतूंवर टाकला, तर एकही जिवंत उरला नाही. समुद्री जंतूंच्या सगळ्या याद्या पालथ्या घातल्या. हे रसायन कुणाच्याच नावावर नव्हतं. सर पहिल्यांदाच हसले. मी वडलांना, म्हणजे अण्णांना सांगितलं, अण्णांनी सेनगावच्या जीपवाल्यांना आणि त्यांनी साऱ्या गावाला. मग काय, सत्कारच ठरला.

सत्काराच्या सकाळी सरांचा फोन आला. रसायन नेमकं कोणतं ते सांगणाऱ्या मोठ्या यंत्राचा निकाल हाती आला होता.

"सुनीता, ही हळद आहे."

मी स्वयंपाकघरात गेले. "आई, बाटलीत काई टाकलं व्हतं का?"

"चिमूटभर हळद. तूच म्हणली जंतू हायेत. बाजूला तुझ्या भाच्याचं दूध व्हतं. काहून?"

"माझे जंतू मेले ना आई."

"मग बराबरच झालं की."

मी तिथेच बसून रडले. पुन्हा रत्नागिरी, पुन्हा चिखल, आणि मुदत तर संपलेली. अण्णा दारातून म्हणाले, "रडनं सत्कारानंतर. लोकं मंडप टाकून राहिले. आता न्हाई कसं म्हनावं?"

निदान खरं तरी बोलावं म्हणून मी माइकवर सांगून टाकलं, "रसायन नवं नाही. ती हळद आहे." मग मागून कुणीतरी ओरडलं, "आपली हळद समुद्रातबी हाय!" आणि टाळ्या थांबेचनात. मी "तसं नाही हो" म्हणत राहिले, कुणी ऐकलं नाही.

शेवटी सरपंचांनी शाल दिली, नारळ दिला आणि एक जड पिशवी हातात ठेवली. आत हळद होती. ती मात्र मी बघताक्षणी ओळखली.